लिनक्स कर्नल आणि हार्ड डिस्कची नियंत्रणे : निर्णयाधिकाराच्या स्थलांतराचा इतिहास (१९९१–२०२१)

सारांश

संगणकातील हार्ड डिस्क कोणत्या रीतीने चालावी, तिने किती वेळाने विसावा घ्यावा, लिहिलेली माहिती प्रत्यक्ष तबकडीवर केव्हा उतरवावी, हे ठरविण्याची सोय लिनक्सच्या कर्नलने वापरकर्त्याला प्रारंभापासून दिली. या सोयीची साधने गेल्या तीन दशकांत अनेकदा बदलली. प्रस्तुत निबंधात या बदलांचा कालानुक्रमे आढावा घेतला असून, निर्णयाचा अधिकार वापरकर्त्याकडून कर्नलकडे आणि कर्नलकडून डिस्कमधील अंतर्गत आज्ञावलीकडे कसा सरकत गेला हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे. अधिकार सरकला तरी माहिती नष्ट होण्याची झळ मात्र वापरकर्त्यालाच सोसावी लागली, हे या इतिहासाचे सार होय.

बीजसंज्ञा : लिनक्स, कर्नल, हार्ड डिस्क, एचडीपार्म, सिसएफएस, फर्मवेअर, उत्तरदायित्व.

१. प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासाचे लेखन बहुधा मोठ्या शोधांभोवती फिरते. प्रोसेसरचा वेग, जाळ्यांचा विस्तार, नव्या भाषांचा उदय यांची नोंद सर्वत्र आढळते. त्यामानाने यंत्राच्या आत दडलेल्या लहानसहान कळा व मूल्ये इतिहासकाराच्या नजरेतून निसटतात. वस्तुतः एखादी कळ कोणी बसविली, ती कोणाच्या हाती दिली आणि कालांतराने ती का काढून घेतली, या प्रश्नांच्या उत्तरांत त्या त्या काळाच्या विश्वासाचा व अविश्वासाचा इतिहास सामावलेला असतो.

विषयात शिरण्यापूर्वी एका संज्ञेचा खुलासा आवश्यक आहे. कार्यप्रणालीचा जो गाभा यंत्रसामग्रीशी थेट व्यवहार करतो त्यास कर्नल म्हणतात. सामान्य आज्ञावलीला डिस्कला हात लावण्याची मुभा नसते. तिने कर्नलकडे विनंती करावयाची आणि कर्नलने ती तपासून डिस्ककडे पोचवावयाची, अशी व्यवस्था असते. ही विनंती ज्या दारातून केली जाते ते दार म्हणजे कर्नलचा इंटरफेस होय. दार किती उघडे ठेवावे, त्यातून कोणाला जाऊ द्यावे आणि आत गेल्यावर त्याने काय करावे, हाच या निबंधाचा विषय आहे.

उदाहरण म्हणून लिनक्सची निवड करण्याचे कारण स्पष्ट आहे. तिची मूळ संहिता सर्वांस खुली आहे, तिच्यावरील वादविवाद सार्वजनिक रीतीने झाले आहेत आणि तिचा प्रत्येक बदल कोणत्या आवृत्तीत झाला हे पडताळता येते. इतिहासाच्या अभ्यासकाला असे साधन क्वचितच लाभते.

२. पूर्वपीठिका

लिनक्सने आपली मांडणी युनिक्सकडून घेतली. १९७० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी घडविलेल्या युनिक्समध्ये प्रत्येक उपकरण हे एका विशेष फाइलच्या रूपाने दिसत असे. फाइल वाचावी तसे उपकरण वाचावे, फाइलवर लिहावे तसे उपकरणावर लिहावे, ही ती कल्पना. मात्र वाचन व लेखन या दोन क्रियांत न बसणारी कामेही उपकरणाकडून करून घ्यावी लागतात. संदेशवहनाचा वेग ठरविणे हे असेच एक काम होय. अशा कामांसाठी १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ‘आयओसीटीएल’ ही सर्वसाधारण हाक उपलब्ध झाली. उघडलेल्या फाइलचा निर्देशक, एक क्रमांक आणि त्यासोबतचे मूल्य एवढेच तिचे स्वरूप. क्रमांकाचा अर्थ काय, हे ज्याच्या त्याच्या ड्रायव्हरने ठरवावयाचे. या लवचीकतेमुळे ती हाक टिकली आणि याच लवचीकतेमुळे ती पुढे वादग्रस्तही ठरली.

दुसरीकडे डिस्कच्या रचनेतही मूलगामी बदल होत होता. १९८० मध्ये सीगेटने वैयक्तिक संगणकास परवडेल अशी ५ मेगाबाइट क्षमतेची डिस्क आणली. तिचे नियंत्रण करणारी विद्युत्रचना संगणकातील वेगळ्या कार्डावर असे. १९८६ च्या सुमारास कॉम्पॅक, वेस्टर्न डिजिटल व कॉनर पेरिफेरल्स या कंपन्यांच्या सहकार्यातून हे नियंत्रण थेट डिस्कवरच बसविण्यात आले. ‘आयडीई’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत १९९४ मध्ये ‘एटीए’ या नावाने प्रमाणित झाली. डिस्क आता निव्वळ फिरणारी तबकडी राहिली नाही. तिला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची स्मृती आणि स्वतःची आज्ञावली लाभली. संगणकाला ती जे वर्तुळमार्ग व शीर्ष दाखवी ते प्रत्यक्षातील नसून सोयीपुरते मांडलेले असत. पुढील सर्व घडामोडींचे बीज येथे आहे, कारण ज्या यंत्राला स्वतःचे मत असते त्याच्याकडून काम करून घेण्यासाठी त्याच्याशी बोलणी करावी लागतात.

३. एका चुकीपासून प्रारंभ

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने आपल्या नव्या कार्यप्रणालीची वार्ता जाहीर केली. आपल्याजवळ एटी पद्धतीचीच डिस्क असल्यामुळे ही प्रणाली बहुधा अन्य डिस्कवर कधी चालणार नाही, असे त्याने त्यात नमूद केले होते. म्हणजे लिनक्सच्या जन्मपत्रिकेतच हार्ड डिस्कचा उल्लेख आहे.

त्यानंतर काही महिन्यांतच एक मासलेवाईक प्रसंग घडला. विद्यापीठाच्या संगणकाशी दूरध्वनीवरून जोडणी करण्यासाठी मोडेमकडे पाठवावयाची आज्ञा टोरवाल्ड्स याने नजरचुकीने डिस्कच्या विशेष फाइलकडे पाठविली. परिणामी दूरध्वनी क्रमांक डिस्कवरील माहितीवर लिहिला गेला आणि तोवर तो वापरीत असलेली मिनिक्स प्रणाली निकामी झाली. ही हकीकत त्याने २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनात सांगितली आहे. या अपघातानंतर तो सर्वस्वी लिनक्सवर विसंबू लागला. त्याचा सहाध्यायी लार्स विर्झेनियस याच्या आठवणीनुसार, याच घटनेनंतर त्याने कर्नलमध्ये फाइलच्या परवानग्यांची व्यवस्था केली. प्रसंग विनोदी वाटला तरी त्याचा आशय गंभीर आहे. उपकरण फाइलसारखे दिसले की ते फाइलसारखेच सहज बिघडवताही येते. लिनक्समधील डिस्कच्या रक्षणाचा पहिला नियम अशा रीतीने स्वतःच्या नुकसानीतून जन्मास आला.

४. एचडीपार्म आणि प्रयोगाचे युग

१९९० च्या दशकाच्या मध्यास लिनक्सच्या आयडीई ड्रायव्हरची धुरा मार्क लॉर्ड यांच्याकडे होती. डिस्कचे वर्तन पाहता यावे व बदलता यावे यासाठी त्यांनी १९९४ च्या सुमारास ‘एचडीपार्म’ नावाचे छोटेखानी साधन लिहिले. वर उल्लेखिलेल्या आयओसीटीएल हाकेच्या आधारे ते कर्नलशी बोलत असे. त्यातील नियंत्रणांची छाननी केली असता तीन वर्ग पडतात. काही नियंत्रणे केवळ कर्नलच्या वागणुकीशी संबंधित होती. काहींसाठी कर्नल व डिस्क या दोघांचे एकमत आवश्यक होते. उरलेली नियंत्रणे डिस्कच्या पोटातील होती आणि कर्नल तेथे केवळ निरोप्याचे काम करी.

पहिल्या वर्गाचे उत्तम उदाहरण म्हणजे व्यत्यय-संकेत मोकळे सोडण्याचे नियंत्रण. डिस्कचे काम चालू असताना प्रोसेसर अन्य उपकरणांचे संकेत रोखून धरीत असे. त्या काळी इंटरनेटची जोडणी मोडेमद्वारे होई आणि मोडेमकडून येणारी अक्षरे वेळेवर उचलली नाहीत तर ती हरवत. हे नियंत्रण चालू केल्यास अक्षरे हरवणे थांबे व संपूर्ण यंत्र अधिक तत्पर भासे. तथापि, ‘सीएमडी ६४०’ व ‘आरझेड १०००’ या त्या काळी प्रचलित असलेल्या नियंत्रक चिपांमध्ये दोष होता. या चिपांवर असा प्रयोग केल्यास डिस्कवरील माहितीची मोठी नासाडी होण्याचा संभव असे. म्हणून एचडीपार्मच्या माहितीपुस्तिकेत त्यांचा नावानिशी इशारा दिलेला आहे. आरझेड १००० साठी कर्नलमध्ये खास दुरुस्ती घालण्यात आली. तिच्यामुळे वेग किंचित कमी होई, परंतु माहिती सुरक्षित राही.

दुसऱ्या वर्गात माहितीच्या वहनाची पद्धत येते. आरंभीच्या पद्धतीत प्रोसेसरला प्रत्येक शब्द स्वतः उचलून न्यावा लागे. तिच्या सर्वांत वेगवान प्रकारातही सेकंदास सुमारे १६.६ मेगाबाइट एवढीच मर्यादा होती. ‘डीएमए’ पद्धतीत नियंत्रक माहिती परस्पर स्मृतीत नेऊन ठेवतो व प्रोसेसर मोकळा राहतो. १९९८ च्या एटीए-४ प्रमाणात ही मर्यादा सेकंदास ३३ मेगाबाइटपर्यंत आणि पुढे ६६, १०० व १३३ पर्यंत वाढली. मात्र डिस्क, नियंत्रक आणि केबल या तिघांनीही ती पद्धत निर्दोषपणे पाळली पाहिजे, अशी अट होती. ३३ मेगाबाइटच्या पुढे तर ८० तारांची केबल अनिवार्य होती. यांपैकी एक जरी दुबळा निघाला तरी चुका संभवत. म्हणून डीएमए आपोआप चालू करावे की नाही हा प्रश्न कर्नल तयार करणाऱ्यावर सोपविलेला असे आणि अनेक ठिकाणी सावधगिरी म्हणून ते बंदच ठेवले जाई. अशा संगणकावर ते हाताने चालू केल्यास यंत्राचा कायापालट झाल्यासारखे वाटे.

एकाच आदेशात अनेक सेक्टर वाचण्याच्या नियंत्रणाची हकीकतही अशीच आहे. त्याने कर्नलवरचा भार लक्षणीय घटत असे. परंतु काही डिस्क ही क्षमता असल्याचे सांगत आणि विशिष्ट मूल्यांवर माहिती गमावीत, असा इशारा माहितीपुस्तिकेत आढळतो. यंत्र स्वतःविषयी जे सांगते ते खरे मानावे काय, हा प्रश्न येथे प्रथम ठळकपणे उभा राहतो.

तिसऱ्या वर्गात डिस्कच्या अंतर्गत स्मृतीतील लेखन, तिचा विसावा आणि वीजबचत ही नियंत्रणे मोडतात. विसाव्याच्या मूल्यांची रचना तर चमत्कारिकच आहे. १ ते २४० या अंकांना प्रत्येकी ५ सेकंदांचे माप असून त्यायोगे ५ सेकंद ते २० मिनिटे एवढा अवधी मिळतो. २४१ ते २५१ या अंकांना मात्र अर्ध्या तासाचे माप लागते व अवधी साडेपाच तासांपर्यंत जातो. ही विचित्र मोजणी एटीए प्रमाणातून आली असून साधनाने ती जशीच्या तशी वापरकर्त्यापुढे ठेवली. या काळात साधन व वापरकर्ता यांच्यात पडदा असा नव्हताच.

या युगाची भूमिका थोडक्यात सांगावयाची तर, जाणकाराने स्वतःच्या जोखमीवर प्रयोग करावा, अशी होती. तिने पुष्कळांना शिकविले आणि काहींचे नुकसानही केले.

५. आज्ञा कोणी गाळाव्यात?

एचडीपार्म ज्या दारातून डिस्कशी बोले त्याच दारातून डिस्कला कोणतीही कच्ची आज्ञा पाठविता येत असे. उत्पादकांनी स्वतःच्या सोयीसाठी राखून ठेवलेल्या आज्ञांचाही त्यात समावेश होता. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून आयडीई ड्रायव्हरचे काम पाहणारे आंद्रे हेड्रिक हे एटीए प्रमाण ठरविणाऱ्या समितीच्या कामातही सहभागी होते. चुकीच्या वा दुष्ट आज्ञांनी डिस्क कायमची निकामी होऊ शकते, तेव्हा कर्नलने अशा आज्ञा गाळून घ्याव्यात, असा आग्रह त्यांनी २००० च्या सुमारास धरला. विरुद्ध पक्षाचा युक्तिवादही बिनतोड होता. ज्याच्या हाती यंत्राचा सर्वाधिकार आहे तो अन्य मार्गांनीही यंत्राची नासधूस करू शकतो. त्याच्यावर पाळत ठेवणे हे कर्नलचे काम नव्हे.

आयडीई ड्रायव्हरची संहिताही या काळात अस्थिर होती. २.५ या विकास-मालिकेत मार्टिन डालेकी यांनी तिची आमूलाग्र फेररचना आरंभिली. परंतु तिच्या विश्वासार्हतेविषयी तक्रारी वाढत गेल्या आणि ऑगस्ट २००२ मध्ये ती संपूर्ण रचना बाजूला सारून २.४ मालिकेतील जुनी संहिता पुन्हा आणावी लागली. डिस्कशी संबंधित संहितेत स्वच्छतेपेक्षा अनुभवाला अधिक मोल असते, हा धडा या माघारीतून मिळाला. जुन्या संहितेतील अनेक कुरूप ओळी या एखाद्या सदोष उपकरणाच्या स्मृती होत्या. त्या पुसल्या की दोष पुन्हा डोके वर काढीत.

हेड्रिक यांच्या भीतीचा प्रत्यय २००३ च्या ऑक्टोबरात वेगळ्याच रीतीने आला. मँड्रेक लिनक्सची ९.२ ही आवृत्ती बसविताना एलजी कंपनीचे काही सीडी-रॉम ड्राइव्ह कायमचे बंद पडू लागले. कर्नलने पाठविलेली आज्ञा प्रमाणानुसार निरुपद्रवी होती. अंतर्गत स्मृतीत थांबलेली माहिती माध्यमावर उतरवावी, एवढाच तिचा अर्थ होता. त्या ड्राइव्हमध्ये मात्र तोच क्रमांक अंतर्गत आज्ञावली बदलण्यासाठी वापरलेला होता. येथे हार्ड डिस्कचा संबंध नसला तरी आज्ञांचे कुळ एकच असल्यामुळे हे उदाहरण प्रस्तुत ठरते. कर्नलने प्रमाण पाळले, उपकरणाने ते मोडले आणि यंत्र गमावले वापरकर्त्याने.

पुढील वर्षी, ऑगस्ट २००४ मधील २.६.८ या आवृत्तीत, सर्वाधिकार नसलेल्या वापरकर्त्यांच्या कच्च्या आज्ञांवर कर्नलने चाळणी बसविली. तिच्यामुळे आरंभी सीडी लिहिणाऱ्या आज्ञावलीही अडल्या व त्यांच्या वापरकर्त्यांनी नाराजी व्यक्त केली. तरीही तत्त्व प्रस्थापित झाले. सर्वाधिकाऱ्याला मुभा आणि इतरांना चाळणी, अशी ही तडजोड होती.

एचडीपार्मने आपल्या परीने वेगळा उपाय योजिला. डिस्कवर मुद्दाम खराब सेक्टर निर्माण करणे यांसारख्या धोकादायक क्रियांसाठी, आपण काय करीत आहोत हे आपणास ठाऊक आहे, अशा अर्थाचा लांबलचक पर्याय वापरकर्त्याने स्वतः टंकित केल्याशिवाय साधन पुढे जात नाही. काही क्रियांसाठी तर माझी डिस्क कृपया नष्ट करा, असेच लिहावे लागते. तांत्रिक साधनाने वापरकर्त्याकडून घेतलेले हे एक प्रकारचे प्रतिज्ञापत्रच होय. त्याने धोका टळत नाही. धोक्याची जबाबदारी मात्र नि:संदिग्धपणे लिहून घेतली जाते.

६. प्रॉकपासून सिसपर्यंत

आयओसीटीएलचे क्रमांक मनुष्याला वाचता येत नाहीत, ही जुनी अडचण होती. २.२ व २.४ या मालिकांत ‘प्रॉक’ नावाच्या आभासी फाइलप्रणालीत प्रत्येक आयडीई डिस्कसाठी एक निर्देशिका असे आणि तीतील ‘सेटिंग्ज’ या फाइलमध्ये नियंत्रणांची नावे, त्यांची चालू मूल्ये व मर्यादा वाचता येत. त्या फाइलवर साधी ओळ लिहूनही मूल्य बदलता येई. युनिक्सच्या मूळ कल्पनेकडे परतण्याचा हा प्रयत्न होता. परंतु प्रॉकमध्ये मुळात चालू आज्ञावलींची माहिती असावी, तेथे उपकरणांची गर्दी होऊ लागल्याने गोंधळ वाढला.

डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ मालिकेत पॅट्रिक मोशेल यांनी घडविलेली ‘सिसएफएस’ ही फाइलप्रणाली अवतरली. एका फाइलमध्ये एकच मूल्य, हे तिचे सूत्र. प्रत्येक डिस्कची स्वतंत्र निर्देशिका आणि तीत विनंत्यांच्या रांगेचे सर्व तपशील अशी तिची मांडणी आहे. डिसेंबर २००४ च्या २.६.१० या आवृत्तीपासून वाचन-लेखनाचा क्रम ठरविणारा नियोजक यंत्र चालू असतानाच बदलण्याची सोय झाली. या नियोजकाची तुलना पूर्वापार इमारतीतील लिफ्टशी केली जाते. लिफ्टने प्रत्येक हाकेसरशी वरखाली धावण्यापेक्षा वाटेतील माणसे क्रमाने घेत जाणे श्रेयस्कर, तद्वतच डिस्कच्या शीर्षाने जवळपासच्या विनंत्या एकत्र उरकाव्यात, हा तिचा आशय.

नियोजकांची परंपराही उद्बोधक आहे. २.६ च्या आरंभी निक पिगिन यांचा, पुढील विनंतीचा अंदाज घेऊन क्षणभर थांबणारा नियोजक प्रचारात होता. सप्टेंबर २००६ मधील २.६.१८ पासून येन्स आक्सबो यांचा, प्रत्येक आज्ञावलीला समान वाटा देणारा ‘सीएफक्यू’ हा मूलभूत नियोजक ठरला. जानेवारी २०१४ मधील ३.१३ या आवृत्तीत अनेक समांतर रांगांची नवी रचना आली. तिची गरज न फिरणाऱ्या, अत्यंत वेगवान घनस्थिती डिस्कमुळे भासली, कारण जेथे शीर्षच नाही तेथे लिफ्टची उपमा निरर्थक ठरते. मार्च २०१९ मधील ५.० या आवृत्तीत जुनी एकेरी रांग व तिच्यासह सीएफक्यू कायमचे निवृत्त झाले.

सिसएफएसमधील एक फाइल या निबंधाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. डिस्क माहिती प्रथम अंतर्गत स्मृतीत ठेवते की थेट तबकडीवर उतरवते, हे ती फाइल दाखविते. तीवर नवे मूल्य लिहिता येते, परंतु त्याने डिस्कचे वर्तन बदलत नाही. बदलते ती केवळ डिस्कविषयीची कर्नलची समजूत. डिस्क माहिती अंतर्गत स्मृतीत साठवीत असताना ती साठवीत नाही अशी कर्नलची समजूत करून दिली, तर कर्नल माहिती उतरवून घेण्याची आज्ञा पाठविणेच थांबवितो. अशा वेळी वीज गेल्यास लिहिली गेली असे समजलेली माहिती हरवू शकते. एचडीपार्मच्या काळात कळ दाबली की निदान डिस्कपर्यंत निरोप जात असे. येथे कळ आहे, तिचे मूल्य बदललेले दिसते, आणि तरीही यंत्राच्या मनात दुसरेच असू शकते.

७. डिस्कचा स्वतःचा कारभार

२००३ पासून जेफ गार्झिक यांनी सीरियल एटीए डिस्कसाठी ‘लिबएटीए’ ही नवी रचना उभारली. तिच्यात डिस्क ही कर्नलच्या स्कझी स्तरामागे उभी राहते. त्यामुळे ‘एचडीए’ हे तिचे जुने नाव जाऊन ‘एसडीए’ हे नाव आले. डीएमए चालू करण्याची कळ येथे उरलीच नाही. योग्य पद्धत रचना स्वतःच ठरवू लागली आणि सदोष उपकरणांची यादी कर्नलमध्येच ठेवली जाऊ लागली. वर्षानुवर्षे वापरकर्त्यांनी प्रयोगांतून व नुकसानीतून मिळविलेले ज्ञान अशा रीतीने यादीच्या रूपाने कर्नलमध्ये मुरले, ही बाब कृतज्ञतेने नमूद केली पाहिजे.

कर्नलने सूत्रे हाती घेतली असे वाटत असतानाच डिस्कच्या अंतर्गत आज्ञावलीने स्वतःचे निर्णय घेण्यास प्रारंभ केला होता. २००७ मध्ये उबुंटू वापरणाऱ्यांमध्ये मोठा वाद उद्भवला. लॅपटॉपमधील डिस्क वीज वाचविण्यासाठी आपले शीर्ष वरचेवर बाजूला नेऊन ठेवीत आणि कर्नलचे काही ना काही लेखन चालूच असल्याने त्यांना ते लगेच परत आणावे लागे. शीर्षाच्या अशा फेऱ्यांना मर्यादा असते. एचडीपार्मच्या माहितीपुस्तिकेत याच स्वरूपाच्या एका नियंत्रणाच्या संदर्भात ती ३ लाख ते १० लाख अशी दिली आहे. दर ३० सेकंदांनी एक फेरी व दिवसाला ८ तास वापर असे धरल्यास दिवसाला ९६० फेऱ्या होतात आणि ३ लाखांची मर्यादा ३१३ दिवसांत, म्हणजे वर्षाच्या आत, गाठली जाते. डिस्कच्या उत्पादकाने ठरविलेले मूल्य, लॅपटॉपची अंतर्गत व्यवस्था आणि कार्यप्रणालीची लेखनाची सवय, या तिघांपैकी दोष कोणाचा, यावर एकमत होणे कठीण होते. उपाय मात्र जुनाच होता. एचडीपार्मने वीजबचतीचे मूल्य २५४ किंवा २५५ करावे, म्हणजे शीर्ष जागेवर राहते. ही मूल्ये यंत्र बंद होताच विसरली जात असल्यामुळे दर वेळी नव्याने द्यावी लागत, ही आणखी एक गैरसोय.

वेस्टर्न डिजिटलच्या ‘ग्रीन’ मालिकेतील डिस्कचे उदाहरण याहून पुढचे आहे. त्या अवघ्या ८ सेकंदांच्या निष्क्रियतेनंतर शीर्ष बाजूला नेत. तो अवधी बदलण्याची आज्ञा प्रमाणात नव्हती. यंत्राचे वर्तन उलगडून पाहून ती शोधावी लागली व मग एचडीपार्ममध्ये समाविष्ट झाली. येथे कळ होती, परंतु ती कोणाच्या हाती पडावी अशी उत्पादकाची अपेक्षा नव्हती.

यानंतरची घटना शांतपणे घडली. ऑगस्ट २०२१ च्या ५.१४ या आवृत्तीत जुना आयडीई ड्रायव्हर कर्नलमधून काढून टाकण्यात आला. त्याच्यासह प्रॉकमधील त्याची निर्देशिका आणि तीतील सेटिंग्जची फाइलही नाहीशी झाली. लिबएटीएने बहुतेक जुन्या उपकरणांची जबाबदारी पूर्वीच घेतलेली असल्याने फारसा कोणाचा खोळंबा झाला नाही. ही आवृत्ती २९ ऑगस्ट २०२१ रोजी प्रसिद्ध झाली. टोरवाल्ड्सच्या पहिल्या घोषणेला तेव्हा ३० वर्षे व ४ दिवस पूर्ण झाले होते.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष संभवतात.

पहिला निष्कर्ष असा की, डिस्कची नियंत्रणे ही तांत्रिक सोय असण्यासोबतच अविश्वासाची नोंदही होती. प्रत्येक कळ कोणत्या ना कोणत्या सदोष चिपेची, खोटे सांगणाऱ्या डिस्कची वा घाईने लिहिलेल्या प्रमाणाची साक्ष देते. यंत्रसामग्री जसजशी विश्वासार्ह झाली तसतशा कळा अनावश्यक ठरल्या. या दृष्टीने कळांचे नाहीसे होणे ही प्रगतीच मानावी लागेल. डीएमए हाताने चालू करण्याच्या काळाविषयी हळहळण्याचे कारण नाही.

दुसरा निष्कर्ष याच्या विरुद्ध दिशेने जातो. निर्णय घेणारा बदलला तरी निर्णयाचा परिणाम भोगणारा बदलला नाही. १९९५ मध्ये चुकीचे मूल्य देणाऱ्याला आपण काय केले हे निदान ठाऊक असे. २००७ मध्ये ज्याची डिस्क झिजत होती त्याने काहीच केलेले नव्हते, आणि आपण काही केले नाही हेच त्याच्या नुकसानीचे कारण होते. अधिकार जेथे जातो तेथे उत्तरदायित्वही जावे, ही साधी अपेक्षा या तीन दशकांत पूर्ण झालेली दिसत नाही.

तिसरा निष्कर्ष आपणा अध्यापकांशी संबंधित आहे. आपल्याकडील संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमांत युनिक्सच्या अंतरंगावरील मॉरिस बाख यांचे १९८६ चे पुस्तक पिढ्यानुपिढ्या अभ्यासले गेले. त्यातील आयओसीटीएलची व्याख्या विद्यार्थी परीक्षेत बिनचूक लिहितात. परंतु ती हाक कोणत्या अपघातांतून, वादांतून व तडजोडींतून घडत गेली, हे व्याख्येत येत नाही. जुन्या संगणकावर एखाद्या निरुपयोगी डिस्कची नियंत्रणे विद्यार्थ्यांना हाताळू द्यावीत, तिने सांगितलेले व तिने प्रत्यक्ष केलेले यांतील अंतर मोजावयास लावावे. वाचनाच्या वेगाची मोजणी करण्याची सोय एचडीपार्ममध्ये आजही आहे. यंत्राच्या पडद्यावर दिसणारे मूल्य आणि यंत्राचे वर्तन या दोहोंत भेद असू शकतो, एवढे जरी त्यातून विद्यार्थ्यास उमगले तरी प्रयोग सार्थकी लागेल. कारण यापुढे त्याच्या हाती येणाऱ्या उपकरणांत कळा कमी असतील आणि उपकरणाच्या पोटात घेतले जाणारे निर्णय अधिक. ते निर्णय विचारात घेऊन प्रश्न करणारा माणूस घडविणे हे शिक्षणाचे काम आहे.